ढिगात मिसळलेले चार नारळ

1926 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात बेन एम्स विल्यम्स यांची एक कथा छापून आली. कथेत भागाकाराचं एक कोडं होतं, उत्तर मात्र नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सुमारे 2000 पत्रं येऊन पडली. शेवटी संपादकांनीच लेखकाला तार करून विचारलं, नारळ होते तरी किती?

कोडं असं. जहाज फुटून पाच खलाशी एका बेटावर येतात, दिवसभर नारळ गोळा करतात आणि वाटणी सकाळवर ठेवून झोपतात. रात्री एकजण उठतो, ढिगाचे पाच सारखे वाटे करतो. एक नारळ उरतो, तो माकडाला देतो. आपला वाटा लपवतो, बाकीचे नारळ पुन्हा एकत्र करतो आणि झोपतो. मग दुसरा उठून उरलेल्या ढिगाचं तेच करतो. असे पाचही जण. प्रत्येक वेळी एक नारळ उरतो आणि माकडाला मिळतो. सकाळी मात्र उरलेल्या ढिगाचे पाच वाटे बरोब्बर होतात. तर सुरुवातीला कमीत कमी किती नारळ होते?

पायथॉन या संगणकाच्या भाषेत हे आठ-दहा ओळींचं काम आहे. 1 पासून एकेक संख्या घ्यायची. तिच्यातून 1 वजा करायचा, 5 ने भाग जातो का पाहायचं, जात असेल तर भागाकाराची चौपट पुढच्या फेरीला द्यायची. अशा पाच फेऱ्या. कुठेही बाकी राहिली की ती संख्या सोडून पुढची घ्यायची. पाचही फेऱ्या पार करून जो ढीग उरेल, त्यालाही 5 ने भाग गेला पाहिजे. संगणक क्षणात सांगतो: 3121. ढीग असा उतरत जातो: 3121, 2496, 1996, 1596, 1276, 1020. सकाळी प्रत्येकाला 204.

उत्तर मिळालं, पण 3121 च का? इथे गणिताची एक युक्ती आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. ढिगात आपल्या पदरचे चार रंगवलेले नारळ मिसळा. पूर्वी एक उरत होता, आता चार वाढले, म्हणजे पाचने नेमका भाग जातो. प्रत्येक वाटा आधीपेक्षा एकाने मोठा होतो. तो एक माकडाचा. म्हणजे खलाशी आणि माकड मिळून ढिगाचा बरोबर पाचवा भाग नेतात आणि आपले रंगीत नारळ ढिगातच राहतात! आता ढीग बघा: 3125, 2500, 2000, 1600, 1280, 1024. बाकीची कटकटच संपली. दरवेळी फक्त चार-पंचमांश उरतात.

हे पाच वेळा जमायला रंगीत नारळांसह ढीग 5 च्या पाचव्या घाताने, म्हणजे 3125 ने, भागला जायला हवा. सर्वांत लहान असा ढीग 3125 चाच. त्यातून आपले चार काढले की 3121. सकाळची अट तेवढी तपासायची: 1024 वजा 4 म्हणजे 1020, पाचने भाग जातो.

खलाशी दहा असतील, तर एकेक संख्या तपासणारा तोच प्रोग्राम तासन्‌तास चालत राहील. रंगीत नारळ तेव्हा नऊ लागतात. 10 चा दहावा घात म्हणजे 10 अब्ज, पण सकाळची अट तेवढ्यावर भागत नाही, त्याची नऊपट घ्यावी लागते. उत्तर येतं 90 अब्जांत 9 कमी. कागदावर चार ओळीत.