एक जाहिरात, दोन घराणी

बिझनेस स्कूल 'ऑपरेशन्स आणि माहिती तंत्रज्ञान' विभागासाठी प्राध्यापकाची जाहिरात काढतं, तेव्हा जागा एकच असते, पण अर्ज दोन घराण्यांतून येतात. निवड समितीची खरी ओढाताण तिथून सुरू होते, आणि तिचं मूळ बरंच जुनं आहे.

ऑपरेशन्सचं, म्हणजे उत्पादन आणि कामकाज कसं चालवावं या विषयाचं, घराणं कारखान्यातलं. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षापासून कारखान्यातल्या कामाचा शास्त्रीय अभ्यास करणारे फ्रेडरिक टेलर तिथे व्याख्यानं देऊ लागले. एका वेळी किती माल मागवावा, याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. ते आजही पहिल्या सत्रात शिकवलं जातं. हॅरिस यांचं औपचारिक शिक्षण शाळेपुरतंच होतं. आजच्या निकषांवर त्यांचा अर्ज पहिल्या चाळणीतच बाद झाला असता, हे मला मनापासून खटकतं.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटलं. ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारखे शास्त्रज्ञ लष्करी प्रश्न आकडेमोडीने सोडवू लागले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मर्यादित साधनांचा सर्वांत चांगला वापर गणिताने काढणारी सिम्प्लेक्स पद्धत शोधली. मग १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पाठबळावर झालेले दोन अहवाल आले. बिझनेस स्कूलमधलं शिक्षण उथळ आहे, असं दोन्ही अहवालांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून पीएचडी आणि शोधनिबंध हेच भरतीचे मुख्य निकष होत गेले. कारखाना पाहिलेला माणूस मागे पडला, गणित जाणणारा पुढे आला. शिस्त आली हे खरं, पण विषय कारखान्यापासून दुरावला. जपानी कंपन्यांनी गुणवत्तेत आघाडी घेतल्यावर १९८० च्या दशकात ही उणीव सगळ्यांना जाणवली.

माहिती तंत्रज्ञानाचं घराणं वयाने लहान. मिनेसोटा विद्यापीठात १९६८ च्या सुमारास या विषयाची पीएचडी सुरू झाली, १९७७ मध्ये तिथूनच 'एमआयएस क्वार्टर्ली' हे संशोधनाचं नियतकालिक निघालं. सुरुवातीचे प्राध्यापक हिशेबशास्त्र, संगणकशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांतून आलेले होते. त्यामुळे 'चांगलं संशोधन' कशाला म्हणायचं, यावर या घराण्यात आजही एकमत नाही.

दोन्हीकडे संगणक आणि आकडे, दोन्हीकडे माणसं मोजकी. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांचा एकच विभाग झाला. हा संसार किती अवघड आहे ते उमेदवाराच्या व्याख्यानात दिसतं. फळ्यावर मॉडेल मांडलं की ऑपरेशन्सवाले विचारतात, "हे गृहीतक सैल केलं तर निष्कर्ष टिकतो का?" माहिती तंत्रज्ञानवाल्यांचा प्रश्न वेगळाच असतो, "लोक ही प्रणाली वापरतील कशावरून?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्हींची तयारी करून आलेला उमेदवार विरळा.

त्यात बाजाराचे हेलकावे. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा, फुगा फुटल्यावर माहिती तंत्रज्ञानाकडे येणारे विद्यार्थी घटले आणि नव्या जागाही आटल्या. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे मागणी पुन्हा वाढली तरी माणसं लगेच तयार होत नाहीत. आता डेटा ॲनालिटिक्समुळे, म्हणजे आकड्यांच्या साठ्यातून निष्कर्ष काढण्याच्या विषयामुळे, दोन्ही घराण्यांचे उमेदवार एकाच जागेवर दावा सांगतात, आणि त्याच उमेदवारांना तंत्रज्ञान कंपन्या बिझनेस स्कूलपेक्षा जास्त पगार देऊ करतात. अशा वेळी नेमणूक झालेल्याने पहिल्या वर्षी नेमके कोणते दोन विषय शिकवायचे, हे जाहिरातीतच लिहावं. तेवढं केलं तरी निम्मे चुकीचे अर्ज येणार नाहीत.