क्लबात मुलांचं डिंगी सेलिंग (छोट्या शिडाच्या बोटी चालवणं) सुरू करायचंय? अर्ज कसा, कागद कुठले, कुठली मुलं पात्र

दर सीझनच्या तोंडावर तेच प्रश्न येतात, परवानगी कुणाची लागते, फॉर्म कुठला, वयाची अट काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. क्लबाच्या ज्युनियर कमिटीचे कागद बरीच वर्षं मीच बघते, त्यामुळे जरा फटकळ वाटलं तर समजून घ्या.

आधी एक सांगते, बोटी घेणं हे शेवटचं काम. बहुतेक जण उलटं करतात. कुणीतरी पाच-सहा जुन्या ऑप्टिमिस्ट (लहान मुलांच्या शिडाच्या बोटी) देतंय म्हटलं की उचलून आणायच्या, पहिला सीझन एकदम जोरात, आणि दुसऱ्या सीझनला निम्म्या बोटींचे डॅगरबोर्ड (बोटीतून खाली पाण्यात जाणारी फळी) सापडत नाहीत, सेफ्टी बोट (मदतीला जवळ राहणारी मोटरबोट) चालवायला माणूस नाही, मोठी झालेली पोरं कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. हे सगळं अर्ज भरतानाच दिसतं, जर तो मनापासून भरला तर.

तर पहिली पायरी संलग्नता. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना, तिच्याखाली प्रत्येक देशाची एक राष्ट्रीय संघटना, आणि तिला संलग्न असलेले क्लब, अशी उतरंड आहे. रेसिंगच्या नियम ७५ प्रमाणे स्पर्धेत बोटीची एंट्री संलग्न क्लबाचा सभासद, तो क्लब, किंवा राष्ट्रीय संघटनेचा सभासद यांच्यापैकीच कुणीतरी करायची असते. म्हणजे क्लब संलग्न नसेल तर पोरं शिकतील छान, पण पहिल्याच रेसच्या टेबलावर अडतील. संलग्नतेच्या अर्जाला साधारण क्लबाचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि विम्याचा कागद लागतो. त्यासोबत कार्यकारिणीचा ठराव जोडा की ज्युनियर प्रोग्रॅम क्लबाचा आहे आणि त्याची जबाबदारी अमुक पदावरच्या माणसाकडे आहे. ठरावात पद लिहा, माणसाचं नाव नको, कारण माणूस बदलतो आणि मग दोन वर्षं सह्या कुणी करायच्या यावरच मीटिंगा होतात.

पाण्याची परवानगी वेगळी, हे लोक विसरतात. तलाव, धरण, खाडी, बंदर, ज्याच्या ताब्यात पाणी आहे त्याच्याकडे वेगळा अर्ज, आणि त्यात नकाशावर तुमचा सराव एरिया, स्लिपवे (बोटी पाण्यात उतरवायचा उतार), मोठ्या बोटींचा रस्ता आणि वारा कुठून आला तर बंद ठेवणार हे दाखवा. पाण्यावरून किनाऱ्याकडे येणारा वारा आणि किनाऱ्याकडून बाहेर ढकलणारा वारा यात लहान पोरांच्या बोटीला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे नकाशावर दिसलं की समोरचा अधिकारीसुद्धा जरा सीरियसली घेतो.

मग सेफ्टीची फाइल. यात कोचचं सर्टिफिकेट, फर्स्ट एडचं (मुदत संपलेलं चालत नाही, तारीख बघा), सेफ्टी बोट चालवणाऱ्याचं पॉवरबोटचं सर्टिफिकेट, व्हीएचएफ रेडिओ वापरत असाल तर त्याचं ऑपरेटर लायसन्स, आणि मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिस पडताळणी किंवा त्या देशात जी काय पद्धत असेल ती. मुलांच्या सुरक्षेचं धोरण म्हणून एक पान असतं, एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत नको, तक्रार कुणाकडे करायची, फोटो कोण काढणार, असं. ते कुठून तरी कॉपी-पेस्ट करू नका, तक्रार घेणाऱ्याचं पद आणि फोन तुमच्याच क्लबाचा हवा. किती बोटींमागे किती सेफ्टी बोटी हे राष्ट्रीय संघटनेच्या नियमात असतं. माझं मत असं की एकच सेफ्टी बोट असेल तर ती एका पोराला उचलायला गेल्यावर बाकीच्यांकडे कोण बघतंय याचं उत्तर फाइलमध्ये लिहिता आलं पाहिजे, नाही आलं तर बोटी कमी करा.

आता मुलांची पात्रता, इथे सगळ्यात जास्त गोंधळ.

ऑप्टिमिस्ट म्हणजे ती टबासारखी चौकोनी नाकाची बोट, क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये डिझाइन केलेली, लांबी २.३६ मीटर, नुसती हल (बोटीचं धड, डोलकाठी-शीड सोडून) ३५ किलोची. ज्या वर्षात मूल १५ चं होतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ते क्लासच्या, म्हणजे याच प्रकारच्या बोटींच्या, स्पर्धांमध्ये उतरू शकतं. वाढदिवसाचा महिना बघायचाच नाही, जन्माचं साल बघायचं. २०११ च्या जानेवारीतलं आणि २०११ च्या डिसेंबरातलं, दोघांचाही शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२६. यावरून दरवर्षी एक तरी पालक माझ्याशी वाद घालतात. त्याच्या पुढे यूथ वर्ल्ड्ससारखी तरुणांची जागतिक स्पर्धा डोक्यात असेल तर अट अशी की स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १९ च्या आत हवं.

क्लबात नुसतं शिकायला येणाऱ्यांची खालची वयाची अट क्लब ठरवतो. मी वयापेक्षा पोहणं आणि वजन बघते. पोहण्याची टेस्ट कपडे आणि लाइफ जॅकेट घालून घ्यायची, आणि ती फॉर्मॅलिटी नाहीये. डिंगीवर साधारण जे जॅकेट वापरतात ते ५० न्यूटनचं (तरंगवण्याच्या जोराचं माप) असतं, आयएसओ १२४०२ या मानकातलं, आणि ते बनवलेलंच आहे पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाला ते उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. पालक म्हणतात जॅकेट आहे ना मग पोहायला कशाला यायला पाहिजे, तर म्हणूनच यायला पाहिजे. त्यानंतर बोट उलटवायची टेस्ट: पोरगं डॅगरबोर्डवर वजन टाकून बोट सरळ करतं, आत काठोकाठ पाणी, मग ते चढून बेलरने (पाणी काढायच्या भांड्याने) पाणी उपसायला लागतं. बेलर दोरीने बांधलेला नसेल तर तो एव्हाना वाऱ्याबरोबर लांब गेलेला असतो, आणि पोरगं रडवेलं होऊन हाताने पाणी उडवत बसतं. एकदा असं झालं की ती गाठ ते आयुष्यात विसरत नाही.

मुलाच्या अर्जाला जोडायचे कागद: जन्माचा दाखला, फोटो, आईवडिलांची किंवा पालकाची संमती, डॉक्टरांचं पत्र (दमा, फिट येणं, ॲलर्जी असेल तर ठळक, दम्याचा पंप असेल तर एक सेफ्टी बोटीवरच्या वॉटरप्रूफ पिशवीत राहणार), फोटो छापायला हो की नाही, आणि दोन इमर्जन्सी नंबर. दोन म्हणजे दोन, आणि दोन्ही किनाऱ्यावरच्या माणसांचे. आमच्याकडे एकदा एका मुलीच्या हाताच्या बोटाला बूमचा (शिडाखालच्या आडव्या दांड्याचा) फटका बसला, मी फॉर्मवरच्या एकमेव नंबरला फोन लावतेय आणि रिंग येतेय शेजारच्या लॉकरमधून. तिचे बाबाच त्या दिवशी सेफ्टी बोटीवर होते. बोट बरं झालं, फॉर्म मात्र मी दुसऱ्याच दिवशी बदलला. मेडिकल कागद कपाटात कुलपात ठेवायचे, कोचकडे फक्त एका ओळीची चिठ्ठी.

याच अर्जात मी एक रकाना घालायला लावला, पालक ड्युटी. महिन्यातून एक दिवस कुठली तरी ड्युटी, स्लिपवेवर बोटी ओढणं, हजेरी, दुरुस्ती, काहीही, फक्त सही अर्ज देतानाच. नंतर विचारलं की सगळे बिझी असतात. फी परवडत नसलेल्यांसाठीचा सवलतीचा फॉर्म वेगळा आणि बंद पाकिटात, तो कोचने बघायचा नाही.

बोटीचे कागद रेसला जाणार असाल तरच कडक लागतात. मेजरमेंटचा (बोट क्लासच्या मापात बसते याचा) किंवा नोंदणीचा कागद, शिडावरचा नंबर त्याच्याशी जुळणारा, थर्ड पार्टी विमा. नियम ७८ प्रमाणे हे सर्टिफिकेट चालू ठेवणं मालकाचं आणि बोटीच्या इन-चार्जचं काम आहे, क्लबाच्या बोटीत मालक म्हणजे क्लब. ऑप्टिमिस्टला याशिवाय जॅकेटला बांधलेली शिट्टी आणि निदान ८ मीटर लांब, ५ मिलिमीटर जाड, तरंगणारा दोर लागतो, तो नायलॉनचा आणला तर बुडतो आणि तपासणीत नापास.

देणगीतल्या बोटींसाठी दानपत्र घ्याच, तोंडी नको. नाहीतर देणाऱ्याचा पुतण्या सेलिंग शिकायला लागला की बोट परत जाते.

आणि पुढच्या बोटीचा प्लॅन अर्जातच लिहा, ग्रँट मागताना तर नक्कीच. ऑप्टिमिस्टमधून बाहेर पडलेल्यांना बोट नसली की ती पोरं क्लब सोडतात, आणि त्यांच्यातूनच उद्याचे असिस्टंट कोच येणार होते. सगळ्यात सोपी सोय म्हणजे आयएलसीए ही एकट्याने चालवायची बोट, २०१९ पर्यंत जिला लेझर म्हणायचे ती. हल तीच, डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदललं की ४, ६ किंवा ७ नंबरची होते, शिडाचा आकार ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. एकाच हलवर सकाळी चौदा वर्षांची पोरगी आणि दुपारी तिचा मोठा भाऊ. दोघांनाच एकत्र ठेवायचं असेल तर ४२० नावाची दोघांची बोट आहे, पण त्यात जोडी फुटली की बोट पडून राहते.

नूतनीकरणाचा फॉर्म दरवर्षी नवा भरून घ्या, जुन्यावर सही मारून नाही. वजनाच्या रकान्यात तर पालकांचा आकडा चालवूच नका, स्लिपवेवर काटा ठेवा आणि पोरांना तिथेच ओल्या कपड्यांआधी उभं करा, गेल्या वर्षीचं ३८ किलोचं पोरगं बावन्नचं होऊन आलेलं असतं आणि त्याला अजूनही त्याची जुनी ऑप्टिमिस्टच हवी असते.