जोडव्याचा सांधा आणि आइस्क्रीमच्या पॉटातलं मीठ

दहावीत असताना आईचं तुटलेलं जोडवं मी रेडिओच्या सोल्डरनं जोडलं होतं. आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या विटा गावात. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पसरलेली, त्यामुळे धातू वितळवणं हे आपल्या घरचंच काम वाटायचं. आठवड्यात सांधा उकलला. पुन्हा गॅसच्या टॉर्चनं तापवलं, तर सांध्याजवळची चांदी वाळवी लागल्यासारखी भोकाभोकांची झाली.

रेडिओचं सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, पण आणखी तापवलं की भोवतालची चांदी त्यात विरघळू लागते. शिवाय शिसं विषारी, ते अंगावरच्या दागिन्यात नकोच.

चांदी झाळायची, म्हणजे सोल्डरनं सांधायची, ती चांदीनंच. सोनाराकडच्या सोल्डरमध्ये मुख्य धातू चांदीच असतो, सोबत तांबं आणि थोडं जस्त. इथं एक नवल आहे. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदीत २८ भाग तांबं मिसळलं, तर ते मिश्रण ७८० अंशांनाच वितळतं, दोघांच्याही आधी! आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकल्यावर बर्फ शून्याखालीही वितळतो, त्याच जातीची ही गोष्ट. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान. तो चांदीच्या रचनेत नीट बसत नाही, आणि घडी लवकर विस्कटते. जस्तानं वितळणबिंदू आणखी खाली येतो.

मात्र दागिन्यातही तांबं असतंच. ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. म्हणजे सोल्डर वाहणं आणि जोडवंच वितळून बसणं यांत काही दशक अंशांचंच अंतर. नवशिक्याचा दागिना वितळतो तो इथंच.

म्हणून ज्योत सोल्डरवर रोखू नये. चांदी लोखंडाच्या पाचपटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेते. एक टोक तापवलं तरी उष्णता सगळीकडे पळते. आख्खं जोडवं फिरवत फिरवत सारखं तापवायचं. खोलीत उजेड कमी ठेवला तर धातूची मंद लाली दिसते. खिडकी मात्र उघडी हवी, आणि सोल्डर कॅडमियम नसलेलंच घ्यावं; कॅडमियमचा धूर फुप्फुसं जाळतो.

टाकणखार (बोरॅक्स) लावल्याशिवाय काही होत नाही. आधी तो पाणी सोडत लाहीसारखा फुगतो, मग बसतो आणि ७४० अंशांच्या सुमारास काचेसारखा पारदर्शक होतो. घरातला हा फुकटचा तापमापक. तो तांब्याचे ऑक्साइड विरघळवून हवा अडवतो, म्हणून खाली धातू स्वच्छ राहतो.

मग तो क्षण येतो. सोल्डरचा तुकडा एकदम गोळा होतो, चमकतो आणि फटीत सरकून नाहीसा होतो. निरंजनाची वात तेल ओढते, तशी अरुंद फट सोल्डर ओढून घेते. फट मोठी असेल तर ते तिथं पोचतच नाही, त्यामुळे टोकं कानशीनं घासून एकमेकांना टेकतील अशी करावीत. मला विचाराल तर निम्मं झाळकाम ज्योत पेटवायच्या आधीच होतं.

नंतरचा काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा. कोमट पाण्यातल्या सायट्रिक अॅसिडमध्ये तो सुटतो. चिंचेचं पाणी हळू काम करतं, पण करतं. बाहेर काढताना लोखंडी चिमटा वापरू नका. द्रावणात विरघळलेलं तांबं लोखंडाच्या सान्निध्यात बाहेर पडतं आणि चांदीवर गुलाबी मुलामा चढतो. बांबूची काडी पुरे. शेवटी रिठ्याच्या फेसात मऊ ब्रशनं घासावं.

आईचं ते भोकांचं जोडवं अजून माझ्या खणात आहे. त्याची जोडी मात्र नव्या सोल्डरनं झाळलेली, आईच्या पायात.