शेतीचा उदय, पुराकथा आणि सामाजिक विषमता

अन्न गोळा करणारे मानवी समूह अन्न पिकवू लागल्यावर त्यांच्या समाजरचनेत पडलेला फरक, आणि त्या फरकाला मान्यता मिळवून देणाऱ्या सामायिक पुराकथा यांचा परस्परसंबंध. या स्थित्यंतरासाठी ‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही संज्ञा पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. ‘क्रांती’ हा शब्द आता जपूनच वापरतात. पश्चिम आशिया, चीन, न्यू गिनी, मेक्सिको व अँडीज पर्वत येथे हा बदल स्वतंत्रपणे आणि संथपणे घडला.

लागवडीच्या आरंभाचा वाद बराचसा गव्हाच्या ओंबीवर उभा आहे. रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा दांडा सांध्यासांध्यांत सुटतो व दाणे झडतात. लागवडीच्या गव्हाचा दांडा मळणीपर्यंत टिकतो. उत्खननात सापडणाऱ्या जळक्या तुकड्यांवर सांधा गुळगुळीत सुटला आहे की ओरबाडून तुटला आहे, हे भिंगाखाली ओळखता येते. कापणी-पेरणीच्या विशिष्ट पद्धतीत हा बदल २० ते २०० वर्षांतही होऊ शकेल, असे गणित हिलमन व डेव्हिस यांनी १९९० मध्ये मांडले. प्रत्यक्ष अवशेष मात्र हजाराहून अधिक वर्षे लागल्याचे सुचवतात व तेच अधिक ग्राह्य वाटते. एकदाणी गव्हाचे उगमस्थान म्हणून १९९७ च्या जनुकीय अभ्यासाने आग्नेय तुर्कस्तानातील काराजादा डोंगराकडे बोट दाखवले. नंतरच्या अभ्यासकांचा कल अनेक केंद्रे मानण्याकडे आहे.

याच टापूत ग्योबेकली टेपे (इ. स. पू. सु. ९५००–८०००) हे स्थळ आहे. तेथील सुमारे साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे ‘टी’ आकाराचे कोरीव स्तंभ शेतीपूर्व लोकांचे आहेत. आधी श्रद्धास्थान, मग शेती, असा क्रम उत्खनक क्लाउस श्मिट यांनी सुचवला होता. पुढे तेथे राहती घरे व धान्य दळण्याचे असंख्य दगड आढळल्याने ‘निव्वळ देवस्थान’ ही कल्पना मागे पडली. सामायिक श्रद्धेपोटी मोठे श्रमदान शेतीआधीही होत असे, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते.

शेती आली म्हणजे लगेच विषमता आली, असे दिसत नाही. तुर्कस्तानातील चातालह्योयुक (इ. स. पू. सु. ७१००–६०००) येथे हजारभर वर्षे हजारो लोक शेती करून राहिले, घरे साधारण सारखी, छतातून प्रवेश, मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरलेले, आणि राजवाड्याचा मागमूस नाही. उलट रशियातील सुंगीर येथे तीसेक हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी समाजातील दोन मुलांच्या दफनात मॅमथच्या हस्तिदंताचे दहा हजारांवर मणी सापडले. बल्गेरियातील व्हार्ना येथील दफनभूमीत (इ. स. पू. सु. ४५००) एकाच पुरुषासोबत सुमारे दीड किलो सोने होते, तर कित्येक दफनांत जेमतेम काही. नांगर ओढणारी जनावरे व वारसाहक्काने जाणारी जमीन यांमुळे दरी रुंदावली, हे स्पष्टीकरण निव्वळ वाढाव्याच्या (गरजेहून जास्त पिकलेल्या धान्याच्या) सिद्धांतापेक्षा पुराव्यांशी अधिक जुळते. धान्य ठरावीक वेळी पिकते, मोजता येते, साठवता येते आणि म्हणून हिसकावताही येते. जमिनीत राहणाऱ्या कंदांचे तसे नाही, असाही एक मुद्दा मांडला जातो.

मेसोपोटेमियातील उरुक येथे (इ. स. पू. चौथे सहस्रक) साच्यात ठोकून केलेली, तिरक्या काठाची ओबडधोबड वाडगी ढिगांनी मिळतात. ती शिधा वाटपाची असावीत, हे मत प्रचलित आहे. पाव भाजण्याचे साचे, असेही काहींना वाटते. ‘खाणे’ या अर्थाच्या आद्य चिन्हात मात्र माणसाचे डोके व वाडगे शेजारी काढलेले असते. आद्य मृत्पट्टिकांपैकी बहुतेक हिशेबाच्या आहेत. कथा बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या.

त्या कथांपैकी अक्कडी भाषेतील अत्राहसीस (सर्वांत जुन्या उपलब्ध प्रती इ. स. पू. सु. १७ वे शतक) येथे महत्त्वाची. तीत कनिष्ठ देव कालवे खणून थकतात, अवजारे जाळतात आणि थोरल्या देवाच्या दाराशी धडकतात. तडजोड म्हणून एका देवाला मारून त्याच्या रक्तमांसात माती कालवून माणूस घडवला जातो. कालव्याची वेठ आता त्याच्याकडे. गाळ उपसण्याचे काम एवढ्या स्पष्टपणे विश्वोत्पत्तीत बसवणारी दुसरी कथा विरळाच. सुमेरी राजावलीत राजपद स्वर्गातून उतरते. ऋग्वेदातील पुरुषसूक्तात (१०.९०) चार वर्ण पुरुषाच्या अवयवांपासून होतात, हे सूक्त उत्तरकालीन मानले जाते. अशा कथांनी विषमता निर्माण केली की आधीच असलेल्या विषमतेचे समर्थन केले, याविषयी एकमत नाही. नीतिरक्षक (माणसाच्या बऱ्यावाईट वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या) देवतांची कल्पना मोठ्या समाजांनंतर आली, असे सांगणारा २०१९ मधील एक गाजलेला शोधनिबंध विदेच्या (डेटाच्या) हाताळणीवरील आक्षेपांनंतर २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

श्रद्धा व मालमत्ता यांची सांगड अँडीज प्रदेशातही दिसते, मात्र तेथे लेखन नसल्याने माहिती मुख्यतः स्पॅनिश वृत्तांतांवर अवलंबून आहे. त्यांनुसार मृत इंका राजाच्या जमिनी त्याच्या ममीच्या नावेच राहत व त्याचे कुळ त्या कसवून घेई. नव्या राजाला आपल्यासाठी वेगळ्या जमिनी मिळवाव्या लागत.