खान्देशात सल्ल्याचे पैसे मागायला एवढं जड का जातं

जळगाव-धुळ्याकडे कन्सल्टंट म्हणून काम सुरू केलं की वर्षभरात कळतं, काम मिळतं हो, फी ठरवताना आणि ठरलेली वसूल करताना दमछाक होते. लोक म्हणतात आपल्याकडचे शेठ चिक्कू, मला ते काही पटत नाही, कारण खरं कारण जुन्या बाजारात आहे.

1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि खान्देशच्या कापसाला एकदम भाव आला, त्याच दशकात रेल्वेही आली. मधे उभा होता अडत्या. तो माल विकून द्यायचा, उचल द्यायचा, हुंडी (पैसे द्यायची जुनी व्यापारी चिठ्ठी) बघायचा आणि आज विकू की थांबू हेही तोच सांगायचा, पण घ्यायचा फक्त अडत, म्हणजे विक्रीवरचं कमिशन. सल्ला त्यातच आला. त्याला वेगळा भाव कधी लागलाच नाही आणि ती सवय आजपर्यंत चालत आलीय, आता अडत्याच्या जागी सीए आहे एवढंच. रिटर्न भरायचे पैसे देतात, "नवीन युनिट टाकू का" हे मात्र चहावर विचारतात.

पैशाचं उघड बोलायची, कागदावर आणायची सवय नाही तीही तिथूनच. मालाचा भाव ठरायचा कसा तर दलाल आणि व्यापारी हातावर रुमाल टाकायचे, खाली बोटं दाबून आकडा सांगायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता चेहरे बघायचा. मुंबई प्रांताचा कापूस बाजार कायदा 1927 चा, मग 1939 चा आणि महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समिती कायदा, तेव्हा कुठे उघड लिलाव आणि हिशोबपट्टी हा नियम झाला. कराराचा कायदा तर 1872 पासूनच आहे आणि त्यात तोंडी करारही चालतो, फक्त भांडण झालं की सिद्ध कशानं करणार.

(विप्रो 1945 ला अमळनेरलाच निघाली, वनस्पती तूप-तेलाची कंपनी म्हणून. सल्ला विकायला लागली ती फार नंतर, आणि तेही बाहेर जाऊन.)

आपल्याकडे सल्ल्याला पहिल्यांदा रोख पैसे मिळाले ते माझ्या मते प्रोजेक्ट रिपोर्टमुळे. 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रं आली, बँकेला आणि सबसिडीला फाइल लागायची, आणि हातात कागद पडला की शेठचा हात खिशात जातो. मग 1987 च्या आयएसओ 9000 चं, म्हणजे कामाच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, वारं आलं, 1991 नंतर एक्स्पोर्टवाले वाढले आणि बाहेरच्या पार्ट्यांचे वीस-वीस पानी इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट यायला लागले. स्कोप (कामात काय-काय येतं त्याची हद्द), टप्प्याटप्प्याचं पेमेंट, लवाद, सगळं त्यात. वाचायचं कोण? शेवटच्या पानावर सही.

आता भांडण होतं ते स्कोपवरून. समजा एमआयडीसीतल्या डाळमिलचं आयएसओचं काम घेतलं, मधेच व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट येते, "भाऊ, ते फूड लायसन्सचं पण बघून घ्या ना". तुम्ही होकाराचा अंगठा, तो इमोजी, टाकता. संपलं, ते काम फुकटात गेलं. तिथेच "हो बघतो, त्याचं कोटेशन वेगळं पाठवतो" एवढं टाइप केलं असतं तर पुढे मागता आलं असतं, कारण आयटी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर असे इलेक्ट्रॉनिक करारही धरले जातात.

2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा तर कन्सल्टंटच्या फार कामाचा, पण उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु मध्ये बसायला हवं. लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही, मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. समोरच्याला काम पटलं नसेल तर त्यानं 15 दिवसांत लेखी हरकत घ्यायची, नाहीतर काम स्वीकारलं असंच धरतात. म्हणून रिपोर्ट हातात देऊन यायचं नाही, मेलनं पाठवायचा, तारीख राहते.

ऑक्टोबर 2024 पासून साध्या कराराचा स्टॅम्पही 100 चा 500 झालाय, त्यामुळे "कसाले लिखापढी भाऊ, इस्वास शे ना" (कशाला लिहायचं, विश्वास आहे ना) म्हणायला शेठला अजून एक कारण मिळालं. तो 500 चा कागद आपणच आणायचा आणि पहिल्या बिलात लावून टाकायचा.