कृत्रिम बुद्धिमत्ता सल्लागार (इंदूर)

कारखाना, रुग्णालय, पेढी किंवा सरकारी खाते यांना कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्या कामाला लावावी आणि कोणत्या कामाला लावू नये हे सांगणारी, बहुधा ती यंत्रणा उभीही करून देणारी व्यक्ती. बोलण्यात ‘एआय कन्सल्टंट’ हाच शब्द रूढ आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून प्रचारात असले, तरी या सल्लागारांची मागणी वाढली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर. तयार प्रारूप (मॉडेल, म्हणजे आधीच शिकवून ठेवलेली संगणकप्रणाली) वापराप्रमाणे पैसे मोजून कोणालाही मिळू लागले. चार दिवसांत नमुना उभा राहतो. तो रोजच्या कामात भरवशाने चालवणे मात्र अवघड जाते, आणि सल्लागाराची गरज तिथे लागते.

इंदूरजवळच्या पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे उदाहरण घेता येईल. कॅमेऱ्याने सदोष भाग ओळखायचा, एवढीच मागणी असते. पण सदोष भाग लगेच भंगारात जातो, त्याची छायाचित्रे कोणी ठेवलेली नसतात. हजारांत दहाच भाग खराब असतील, तर सगळ्यांना ‘चांगला’ म्हणणारे प्रारूपही ९९ टक्के अचूक ठरते आणि काडीच्या उपयोगाचे नसते. हे ओळखायला गणित हवे आणि कारखान्याच्या फरशीवर उभे राहण्याची सवयही हवी. दोन्ही असलेली माणसे थोडी, म्हणून मोबदला मोठा. निव्वळ प्रारूप चालवता येणाऱ्याला तो फार काळ मिळणार नाही.

मोबदला तासावर, कामावर किंवा मासिक ठरावाने असतो. परदेशी ग्राहक डॉलरमध्ये देतात, त्यामुळे तिथला मध्यम दरही माळव्यात भरघोस वाटतो. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इंदुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. जेवणाची वेळ बैठकीत जाते. शिवाय हातात येणारी रक्कम बिलाएवढी नसते. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, संगणकसेवेचे भाडे आपलेच.

शहरात या कामाला पूरक शिक्षण जुने आहे : श्री गोविंदराम सेक्सरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्था (१९५२), देवी अहिल्या विद्यापीठ (१९६४), आयआयएम (१९९६) व आयआयटी (२००९). सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले आहेत. होळकरांच्या काळापासून इथे वसलेल्या मराठी घरांतली मुले या वाटेवर आहेत. पुण्या-बंगळुरूला न जाता आईवडिलांजवळ राहून हे काम करता येते, ही मोठी सोय.

डॉक्टर किंवा सनदी लेखापालाप्रमाणे या व्यवसायाला सनद लागत नाही. पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून ग्राहकाने प्रमाणपत्रांपेक्षा आधी उभी केलेली, आजही चालू असलेली यंत्रणा पाहावी. रुग्ण किंवा ग्राहकांची माहिती हाताळायची असल्यास २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा करारात आधीच विचारात घ्यावा लागतो.

भाषेचा प्रश्न या शहरात वेगळा आहे. प्रारूप मजकूर लहान तुकड्यांत (टोकन) तोडून वाचते; अनेक प्रारूपांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, आणि आकारणी तुकड्यांवर असल्याने खर्च वाढतो. त्यात ‘मी येऊन राहिलोय’ म्हणणारी, हिंदीत मिसळलेली इंदुरी मराठी. पुस्तकी मराठीवर घडवलेली, बोलणे ओळखणारी ध्वनिप्रणाली तिला अडखळते. अशा बोलीचे नमुने जमवून, बोलणाऱ्यांची संमती घेऊन ते तपासणे हे काम इंदूरकर सल्लागाराइतके चांगले बाहेरचा माणूस करू शकत नाही.