रोल क्रिंप की टेपर क्रिंप? शिशाच्या गोळीसाठी दोन्हींतला फरक

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणारे पुष्कळ आहेत (भारतात दारूगोळा बनवायला परवाना लागतो). इथे नव्याने हात घालणारा हमखास अडकतो तो ‘क्रिंप’ या शब्दापाशी, कारण शब्द एक आणि कामं दोन.

शिशाची गोळी बसवण्याआधी पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं, तोंड जरासं फुलवावं लागतं. नाहीतर पितळेची धार शिसं तासून काढते. गोळी बसली की ते तोंड मिटवायचं, तोच क्रिंप. फरक आहे तो मिटवण्यात.

रोल क्रिंप म्हणजे करंजीची मुरड. .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम अशा रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पुंगळीची कड आत वळवून गोळीच्या खाचेत बसवतात. एक बार उडाला की सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांना मागे हिसका बसतो. पुंगळी मागे जाते, जड गोळी मात्र तिच्यातून पुढे सरकू पाहते. फार सरकली तर सिलिंडर फिरायचाच थांबतो. मुरड हवी ती यासाठी.

पिस्तुलाच्या .४५ एसीपी आणि ९ मिमी काडतुसांचं तसं नाही. ही काडतुसं चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) पुंगळीच्या तोंडावरच टेकतात, त्यामुळे तोंड आत वळवलं तर टेकायला काही उरत नाही. इथे टेपर क्रिंप, म्हणजे फुलवलेलं तोंड सरळ करायचं, बस्स. हिशोब सोपा आहे: .४५ ची शिशाची गोळी ०.४५२ इंच, पितळेची भिंत दोन्ही बाजूंनी साधारण ०.०१० इंच, म्हणजे तोंडाशी ०.४७२ च्या आसपास.

‘जास्त दाबलं की जास्त घट्ट’ हा समज शिशाच्या बाबतीत घातक आहे. पितळ दाबल्यावर थोडं मागे येतं, शिसं येत नाही. गोळी बारीक होते आणि पुंगळीत ढिली पडते. अशी गोळी पिस्तुलात चढताना आत ढकलली गेली, तर दाब धोकादायक वाढतो, विशेषतः ९ मिमीत. शिवाय बारीक गोळीच्या कडेने गॅस निसटतो आणि नळीत शिसं चढतं. गोळी धरून ठेवते ती पुंगळीच्या भिंतींची पकड. टेपर क्रिंपचं ते कामच नाही.

सुरुवातीला मीही डाय (क्रिंप करणारा साचा) जास्तच खाली घेतली होती. एक काडतूस खोलून गोळी बाहेर काढली, तर राखाडी शिशावर नखाला लागेल असं कडं उमटलेलं. आता दर वेळी पिस्तुलाची नळी सुटी करून त्यात काडतूस सोडून बघतो. ‘टक्’ असा आवाज करत तळाला बसायला हवं, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडायला हवं.